रक्ताची खतावणी

"म्हणजे डॉक्टर नाही ना होणार?" हा प्रश्न आमच्या अक्काला आजवर किती जणांनी विचारला याची नोंद ठेवली असती तर शंभर पानी वही भरली असती. अक्का म्हणजे माझी आतेबहीण. चंदगडकडची, मराठी शाळेत शिकलेली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमच्या घरी राहून ती बेळगावातल्याच एका कॉलेजात वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची बी.एस्सी. करते. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून ही वाट, असे सारे नातेवाईक धरून चालतात. मी पडलो कॉमर्सवाला. सूक्ष्मदर्शकाशी माझा संबंध दहावीतच संपला. पण रात्री एकाच दिव्याखाली अभ्यास करताना तिच्या वहीत डोकावू लागलो, आणि गंमत पाहा, ती वही मला आमच्याच विषयाची वाटू लागली!

न्यूबॉर चेंबर नावाची एक जाड काच असते. तिच्यावर अतिसूक्ष्म चौकटी आखलेल्या. रक्त वीसपट पातळ करून तीत सोडायचे, चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींमधल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि आकड्याला ५० ने गुणायचे, की एका घन मिलिमीटर रक्तातली संख्या मिळते. पण नेमकी रेघेवरच बसलेली पेशी कुठे धरायची? डाव्या आणि वरच्या रेघेवरची धरायची, उजव्या आणि खालच्या रेघेवरची सोडून द्यायची. म्हणजे एकच पेशी दोनदा जमा होत नाही. आमच्या अकौंटन्सीच्या सरांनी या नियमाला दाद दिली असती.

रक्तगटाचे प्रकरण त्याहून सरस. १९०१ साली व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनरने हे गट दाखवून दिले. पेशींवर ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रव घालायचे. गुठळ्या कुठे होतात त्यावरून गट कळतो. पण एवढ्यावर तो लिहून द्यायचा नाही. त्याच माणसाचा रक्तद्रव घेऊन तो ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींवर उलट तपासायचा. दोन्ही उत्तरे जुळली तरच गट लिहायचा. ही तर आमची द्विनोंदी पद्धत! नावे आणि जमा जुळल्याखेरीज तेरीज पुरी होत नाही.

ही उलट तपासणी म्हणजे नुसता उपचार नव्हे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच गट उजेडात आणला. त्याला बाँबे गट म्हणतात. पहिल्या तपासणीत तो साधा ओ दिसतो. पण त्या माणसाचा रक्तद्रव ओ पेशींच्याही गुठळ्या करतो. ओ आहे म्हणून ओ रक्त चढवले तर जिवावरच बेतते.

"आता यंत्रच सगळे मोजते, मग हिने शिकून करायचे काय?" असा आत्याचा रोकडा सवाल. यंत्र मोजते खरे, पण नळीवरचे नाव बरोबर की चूक ते त्याला कळत नाही. चुकीचे रक्त चढते तेव्हा पुष्कळदा रसायन चुकलेले नसते, चिठ्ठी चुकलेली असते. एकाच सकाळी पाटील आडनावाच्या तीन बायका येतात. म्हणून नाव आपण उच्चारायचे नाही, रोग्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. "तुम्हीच का त्या?" म्हटले की घाबरलेले माणूस कशालाही मान डोलावते.

आणि इथेच अक्काचे घोडे अडले होते. बैलहोंगल, सौंदत्तीकडून येणाऱ्या माणसांशी बोलायला हिच्याकडे चंदगडी मराठी आणि पुस्तकी इंग्रजी! पहिल्या वर्षी ती बॅग भरून निघालीच होती. माझे कन्नड गल्लीत गोट्या खेळता खेळता आलेले, पण ते कामाला आले. 'निम्म हेसरेन्री?' म्हणजे तुमचे नाव काय. 'मुष्टि माड्री' म्हणजे मूठ मिटा. 'हेदरब्याड्री' म्हणजे भिऊ नका. तिच्या वहीत इंग्रजी शब्दांसमोर शाळेतले मराठी शब्द होतेच, एरिथ्रोसाइटसमोर तांबडी पेशी असे. तिने आता कन्नडचा तिसरा रकाना पाडला. रक्ताला कन्नडमध्येही रक्तच म्हणतात. तिथे ती 'सदर' लिहून मोकळी झाली आहे.

इंटर्नशिप संपत आली. अक्काला एम.एस्सी. करायची आहे. आत्याच्या काजूने यंदा दगा दिला आहे. तिने मला फोन केला, "तू कॉमर्सवाला ना रे, दोन वर्षांचा खर्च काढून ठेव. मग बोलू." फी, पुस्तके, एस.टी., सारे मांडले. नावेची बाजू पान उलटून मागे गेली. जमेला पुढचा पगार लिहायला गेलो, तर अक्काने पेन्सिलच काढून घेतली. "जे हातात आलेले नाही ते जमा धरू नकोस."

आत्या रविवारी येणार आहे. कागद सध्या अक्काकडे आहे. माझी बेरीज ती खालून वर करून पाहते आहे.