चार आण्याचे नाणे

माझे थोरले बंधू बोटीवर नोकरीला होते. १९८४ साली लंडनहून परतताना त्यांनी पाब्लो कासाल्स यांच्या चेलोवादनाची एक दीर्घमुद्रिका आणली. बाखचे सहाही चेलो सूट कासाल्स यांनी १९३६ ते १९३९ या काळात ध्वनिमुद्रित केले. पुढे ते दीर्घमुद्रिकांवर निघाले, त्यांतलीच ही एक. मी तेव्हा शाळेत होतो. बंधूंच्या निधनानंतर वहिनींनी कपाट आवरले आणि ती मुद्रिका माझ्याकडे पाठविली.

त्याच सुमारास माझ्या धर्मगुरुपदाचा रौप्यमहोत्सव झाला. पुतण्या-भाच्यांनी मिळून ४० हजार रुपये हाती ठेवले. "काका, हे कोणाला वाटून टाकायचे नाहीत," असे धाकट्या पुतण्याने बजावले. माझ्या खोलीतले टर्नटेबल त्याने पाहिले होते.

ते टर्नटेबल जुने, आणि त्याला जोडलेले फोनो स्टेज म्हणजे काड्यापेटीहून थोडी मोठी अशी स्वस्त डबी. तिच्यातून चेलो ऐकताना, वादकाने पोकळ खोक्यावर तारा ताणल्या आहेत की काय, असे वाटे. ही डबी करते काय, हे वाचकांना थोडक्यात सांगितले पाहिजे. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर मुद्रिकेची खाच फार रुंद नागमोडी होईल. म्हणून कोरताना खर्ज आक्रसून घेतात आणि तार स्वर फुगवतात. किती, याचे प्रमाण १९५४ साली ठरले. चेलोच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सुमारे ६५ हर्ट्झचा. हजार हर्ट्झच्या स्वराशी तुलना केली, तर तो मुद्रिकेवर जेमतेम एक षष्ठांश उरतो. फोनो स्टेज हे माप उलटे फिरवते आणि सुईकडून येणारा व्होल्टच्या काही सहस्रांशांचा क्षीण संदेश सुमारे शंभर पट करते. हिशेब चुकला की चेलोचे पोट हरवते.

तेव्हा दोष डबीचाच, असे मी ठरवून टाकले. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने तर मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज आणि त्याला साजेसे महागडे फोनो स्टेज घेण्याचा आग्रह धरला. त्या जातीच्या कार्ट्रिजचा संदेश साध्या मूव्हिंग मॅग्नेटच्या दशांशाइतका, म्हणजे वाढवायचा दहा पट अधिक, आणि त्याबरोबर आमच्या जुन्या निवासातील विजेची घरघरही तितकीच वाढणार. शिवाय सुई झिजली की बहुधा सगळे कार्ट्रिजच बदलावे लागते. पगारदार माणसालाही जड जाईल असा हा शौक. माझ्यासारख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पुतण्याने शहाणपण केले. मित्राचे उत्तम फोनो स्टेज त्याने आठवडाभर मागून आणले. चेलोला पोट आले, खोली भरून गेली. पण दीर्घ स्वर थरथरत होते. तबकडीची गती एकसारखी नव्हती आणि त्यावर जगातले कोणतेही फोनो स्टेज उपाय करू शकत नाही. टोनआर्मला तर सुईचा भार कमी-अधिक करण्याची सोयच नव्हती. मग तीन वाटे टर्नटेबलला आणि एक वाटा साध्या पण चोख फोनो स्टेजला, असे ठरले. अर्थिंगची तार जोडताच उरलीसुरली घरघरही थांबली. इतक्या क्षुल्लक तारेसाठी मी वर्षभर चडफडलो होतो.

सुईचा भार १.८ ग्रॅमवर ठेवला आणि पुतण्याने बाबांची मुद्रिका लावली. स्वर असा स्थिर, की वादकाचा श्वासही जाणवावा. मात्र बाजू संपत आली तसा प्रत्येक जोरकस स्वराच्या मागे वाळू घासल्यासारखा आवाज येऊ लागला. मुद्रिकेच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्या जागेत तेच संगीत दाटीने कोरलेले असल्याने झीज तिथे आधी बोलते. जुन्या डबीने हे सारे झाकून ठेवले होते.

"काका, ही खरखर कसली? बाबा तर मुद्रिका किती जपायचे."

बाबा जपायचेच. पण बाबा सफरीवर असताना मी ती आमच्या पेटीवजा प्लेअरवर लावीत असे. त्याची सुई आधीच चार-पाच ग्रॅम दाबणारी, तरीही मधेच उडी मारायची. म्हणून मी टोनआर्मच्या डोक्यावर चार आण्याचे नाणे ठेवीत असे. अडीच ग्रॅम वजनाचे ते नाणे, दोन पावसाळे. बंधूंना ठाऊक होते की नाही, मला कधीच कळले नाही. ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

पुतण्याला हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने टोनआर्म हलकेच उचलला आणि सुई पुन्हा मुद्रिकेच्या आरंभी टेकवली.