अंगणातल्या बाकाविषयी

पुणे,
कार्तिकी एकादशी

तीर्थस्वरूप वहिनींस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचं पत्र मिळालं, बाकाचे फोटोही मिळाले. पॉलिशवाला येऊन बघून गेला, पीयू मारून बाक आरशासारखा करून देतो म्हणतो, तर काय करावं, असं तुम्ही विचारलंत. पीयू नको, हे आधीच सांगून टाकतो. मेलामाइन नको आणि ऑइलपेंट तर मुळीच नको. दादा ‘का?’ म्हणून विचारणारच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पत्र त्यालाही वाचायला द्या.

पहिलं म्हणजे बाक खराब झालेला नाही. राखाडी झालाय, एवढंच. ऊन लागलं की लाकडातलं लिग्निन तुटतं. लाकडाचे धागे एकमेकांना धरून ठेवतं ते हेच, आणि लाकडाच्या रंगातही त्याचा वाटा असतो. पाऊस ते धुऊन नेतो आणि वर नुसते पांढरट धागे उरतात. हा राखाडी थर मिलिमीटरभरही जाड नसतो. खात्री करायची असेल तर बाकाच्या हाताखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पटाशीने थोडं खरवडून बघा. आधी करडी भुकटी निघेल, मग छिलका वळायला लागेल आणि त्याखाली मधाच्या रंगाचं लाकूड दिसेल. तो छिलका नाकाशी धरा. सागाचा ओळखीचा, किंचित उग्र, तेलकट वास आला, तर आतलं लाकूड ठणठणीत आहे असं समजा. माडी दुरुस्त केली तेव्हा निघालेल्या तुळईतून अण्णांनी हा बाक करून घेतला होता, तेव्हा वास येणार याबद्दल मला शंका नाही. तसला भरगच्च गाभ्याचा साग आज वखारीत सहज मिळत नाही.

आणि साग किती टिकतो म्हणाल, तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. जहाजांच्या डेकवर तर सागाच्या फळ्या मुद्दाम कोऱ्या ठेवतात. वार्निश नाही, काही नाही. नुसतं खाऱ्या पाण्याने घासायचं. त्या फळ्याही आपल्या बाकासारख्याच राखाडी होतात आणि वर्षानुवर्षं पाय झेलतात.

आता पीयू का नको ते. लाकूड श्रावणात ओल पिऊन आडवं फुगतं आणि फाल्गुनात आकसतं. गुहागरच्या हवेत हा फरक मोठा असतो. वर पीयूचा कडक पापुद्रा बसवला की तो लाकडाबरोबर हलत नाही. सांध्याशी, टोकांशी, स्क्रूच्या डोक्याभोवती तो आधी चिरतो. त्या चिरेतून पाणी आत शिरतं आणि पापुद्र्यामुळे बाहेर पडत नाही. खाली काळे डाग पडतात, वर चकाकी तशीच राहते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. दोन-तीन पावसाळ्यांत साली निघायला लागतात, आणि मग नवा हात द्यायचा तर जुना सगळा खरवडून काढावा लागतो. त्यात लाकूडही जातं. मेलामाइन घरातल्या कपाटांसाठी ठीक. स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश पाणी लागलं की पांढरं पडतं. उघड्या अंगणात यांचं काम नाही.

फोटो बघताना माझं लक्ष बसायच्या फळ्यांवर नव्हतं, पायांवर होतं. बाहेरचं लाकडी सामान बहुतेक वेळा पायाकडून जातं. झाड उभं असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढतं, त्या पायाच्या तळाशी उघड्या पडलेल्या असतात. लाकूड तोडलं तरी त्या पाणी ओढायचं सोडत नाहीत. आडव्या पृष्ठभागापेक्षा हे तोंड कितीतरी पट वेगाने पाणी पितं. आपला बाक सारवलेल्या अंगणात थेट मातीत उभा आहे, म्हणजे चार महिने त्याचे पाय ओल्यात. वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, पण सालीलगतचं पांढरं लाकूड मात्र तिला चालतं, आणि जुन्या सुतारांनी पायाच्या एखाद्या कडेला तो पांढरा भाग ठेवलेला असतो. म्हणून बाक आडवा पाडून चारही पायांचे तळ सुरीच्या टोकाने टोचून बघा. टोक अडलं तर उत्तम. लोण्यात जावं तसं आत गेलं, तर तेवढा भाग पटाशीने काढून टाकायला हवा. कुजलेल्या लाकडावर काहीही लावलं तरी ते कुजतच राहतं. फार आत गेलं असेल तर दाभोळकडच्या सुताराला बोलावून चारही पाय सारखे कापून घ्या. बाक बोटभर ठेंगणा झाला तरी चालेल.

मग बाकाखाली चार काळ्या दगडाच्या चिपा ठेवा. जांभा नको, तो स्वतःच पाणी धरून ठेवतो. सगळं कोरडं झालं की प्रत्येक पाय जवसाचं तेल भरलेल्या बशीत रात्रभर उभा ठेवा. ज्या नळ्या पाणी ओढतात त्या तेलही ओढतात. सकाळी बशी रिकामी दिसली तर पुन्हा भरा. या कामाचा कंटाळा करू नका, बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं.

दुसऱ्या फोटोत पाठीच्या पट्टीवर स्क्रूखाली काळे ओघळ दिसतात. ती बुरशी नव्हे. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची ओल्यात गाठ पडली की असा शाईसारखा रंग होतो. अण्णांच्या वेळी बाकाला लाकडी खुंट्याच होत्या, हे लोखंडी स्क्रू नंतरच्या डागडुजीत आले. ते काढून टाका. पितळी स्क्रू इथून पाठवतो. स्टेनलेसचे घ्यायचे तर ३१६ नंबरचे मागा. समुद्र हाकेवर असताना ३०४ वर काही वर्षांत तांबूस ठिपके येतात. घासायला तारेची घासणीसुद्धा वापरू नका, कारण तिचे बारीक तुकडे रेषांत अडकतात आणि पहिल्या ओलीला तिथे काळे ठिपके उमटतात.

धुवायला साधी कपड्यांची पावडर आणि नारळाचं सोडण पुरे. रेषेच्या दिशेनेच घासायचं, आडवं नाही. गाडी धुवायचा जोराचा पंप शेजारी आहे म्हणालात, तो मात्र आणू नका. त्या धारेने वलयांमधला मऊ भाग उडतो आणि फळीवर कायमच्या पन्हळी पडतात. काळे ओघळ आणि उरलेला करडेपणा काढायला रंगाच्या दुकानात ऑक्झॅलिक ॲसिड मिळतं. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम घ्या, ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने दोनदा धुऊन टाका. हातमोजे आणि चष्मा हवाच, हे विष आहे. मुलांना जवळ येऊ देऊ नका आणि धुतलेलं पाणी तुळशीकडे किंवा आळ्यांत जाऊ देऊ नका. कपड्यांचं ब्लीच यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

धुतल्यावर तीन-चार दिवस सावलीत वाळू द्या. सुपारीसाठी मांडव घातलाच असेल, त्याखाली ठेवला तर उत्तम. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेबरोबर घासा, त्यावर १२० चा हात फिरवा आणि तिथे थांबा. पॉलिशवाले ३२० पर्यंत जातात, पण इतकं गुळगुळीत केलेलं लाकूड तेल नीट पीत नाही. नाकाला फडकं बांधा, सागाच्या भुशाने काहींना शिंका येतात, काहींच्या अंगावर पुरळ उठतं. लहानसहान भेगा लांबी भरून बुजवू नका. लाकूड फुगलं की त्या मिटतात, आणि आत भरलेली लांबी मात्र सुटून बाहेर येते.

तेलाबद्दल दादा खोबरेल सुचवील. खोबरेल सुकत नाही. ते धूळ धरतं आणि खवट होतं. काजूच्या टरफलाचं तेल पूर्वी वाशांना वाळवीसाठी लावत, पण ते अंगाला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. बसायच्या वस्तूला ते नको. रंगाच्या दुकानातून ‘डबल बॉइल्ड’ जवसाचं तेल आणा. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ करा, म्हणजे खोलवर जातं. कापडाच्या बोळ्याने लावायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि लाकडाने न प्यायलेलं सगळं पुसून काढायचं. पुसलं नाही तर चिकट थर बसतो आणि त्यावर माणसाच्या आधी माशी बसते. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, थोडं कमी टर्पेंटाइन घालून. दव वाळल्यावर सुरू करा आणि ऊन कलायच्या आत आवरा. बाकाला अर्धा लिटर तेल पुरावं.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि तेव्हा ते तापतं. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता ते पेट घेतात. आपल्या पडवीला लागून गवताची उडवी आहे. बोळे त्याच दिवशी पाण्याच्या डब्यात बुडवा, किंवा दोरीवर एकेक पसरून उघड्यावर वाळवा. काम करणारा कोणी असो, हे तुम्ही स्वतः बघा.

जवसाच्या तेलाचा एक दोष आहे. ओल्यात बुरशीला ते आवडतं. म्हणून मृगाच्या आधी बाक पडवीत घ्या आणि दसऱ्याला बाहेर काढा. भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि वर प्लास्टिक गुंडाळू नका, आत वाफ धरते. हे जमणार नसेल, बाक बारमाही अंगणातच राहणार असेल, तर तेलही लावू नका. पाय आणि स्क्रू तेवढे नीट करा, वर्षाला एकदा धुवा आणि त्याला राखाडी राहू द्या. मला तोही रंग आवडतो. तेल लावलंत तर दर दिवाळीनंतर एकच पातळ हात द्यायचा. खरवडणं नाही, घासणं नाही, एका दुपारचं काम.

पितळी स्क्रू आणि पेपर सोमवारी कुरियरने टाकतो. ऑक्झॅलिक आणि तेल चिपळूणला मिळेल. पायांचे तळ टोचून बघितल्यावर काय निघालं ते मला फोनवर सांगा, त्यावरून सुतार बोलवायचा की नाही ते ठरवू. पॉलिशवाल्याला मात्र आजच नको म्हणून कळवा. एकदा त्याने फळीवर पीयूचा हात मारला, तर तो उतरवायला महिना जाईल.

दादास नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमचा,
धाकटा दीर