चक्रवाढीचा तास

आठवीला चक्रवाढ व्याज शिकवायची वेळ आली की मला हुरूप येतो. श्रीगोंद्यातल्या पोरांशी पैशाबद्दल बोलायला याहून चांगला तास नाही.

“सर, एक जण महिन्याला दहा टक्के देतो,” असं कुणीतरी सांगतंच. शेअर बाजाराच्या नावाखाली अशी दुकानं आपल्या जिल्ह्यात निघाली, बुडाली, आणि घराघरांतली पुंजी घेऊन गेली. मी त्यावर उपदेश करत नाही. पोराच्या हातात खडू देतो. एक लाख रुपये, महिना दहा टक्के, व्याज मुद्दलात. वर्षानं ३ लाख १४ हजार होतात, वर्ग खूश. पाच वर्षांनी ३ कोटी ४ लाख. दहा वर्षांनी ९२७ कोटी! मग मागून कुणीतरी विचारतं, “सर, असं असेल तर तो आपल्याकडे लाख रुपये कशाला मागतो?” हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत गप्प राहणं, हेच शिक्षकाचं कसब.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या शंभरांतल्या ९३ सामान्य गुंतवणूकदारांनी पैसे गमावले. तो आकडाही मी फळ्यावर लिहितो.

पण फसवणूक ओळखता आली म्हणजे जगायला कारण सापडलं, असं नाही. म्हणून गृहपाठ देतो : लिंबाची बाग असलेल्या माणसाला भेटा. रोप लावल्यावर फळासाठी चार-पाच वर्षं थांबावं लागतं. हस्त बहारासाठी ऐन पावसाळ्यात झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा, तेव्हा उन्हाळ्यात भावाचं लिंबू हाती येतं. पाऊस लांबला की ताण बसत नाही. कधी भावच पडतो. कष्टाचं फळ हमखास मिळतं, असं खोटं मी मुलांना सांगत नाही. “बाग कुणासाठी लावली?” हे मात्र विचारून यायला सांगतो. मग तोच प्रश्न त्यांना : तुम्ही शिकाल, त्यानं कुणाचं काम होईल?

कष्ट आणि शिक्षण यांची ही सांगड जुनीच आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना श्रीमंतीचं आमिष दाखवलं नाही. स्वतःच्या श्रमावर शिकण्याचा मान दिला. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचं बळ त्यात आहे.

पालकांनो, पोरांसमोर कुणी किती कमावलं हे जरूर बोला. पण कसं कमावलं आणि कशासाठी, तेही त्याच बैठकीत सांगा.