पोर्ट ब्लेअरहून... ओव्हर!

दोस्तांनो, नकाशा काढा बघू! चेन्नईवरून बोट पूर्वेला सरकवत न्या. सुमारे १३५० किलोमीटर नुसतं पाणी, मग पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून याचं नाव श्री विजयपुरम. सावरकरांना ठेवलं होतं ते सेल्युलर जेल इथलंच.

डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद सहकाऱ्यांसह इथे हॅम रेडिओ घेऊन आल्या होत्या. जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलायला! २६ तारखेला सकाळी जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामी आली. फोन मुके झाले. तेव्हा हाच हौसेचा संच बेटांवरचे निरोप मुख्य भूमीला कळवू लागला.

एवढ्या लांब आवाज जातो कसा? लघुलहरी आकाशातल्या आयनांबरावरून परततात आणि समुद्रापार उतरतात. मध्ये ना तार, ना टॉवर!

तुम्हालाही हॅम व्हायचंय? भारतात वयाची १२ वर्षं पूर्ण झाली, की परीक्षा देता येते. पास झालात की परवाना आणि स्वतःची 'कॉल साइन' मिळते. त्याआधी स्वतःचा संच लावून बोलायचं नाही हं!

आधी ऐका, मग बोला. कॉल साइन सांगा, थोडक्यात बोला, 'ओव्हर' म्हणा आणि बटण सोडा. दाबूनच धरलंत, तर समोरच्याचं ऐकू कसं येणार? निरोप लिहून घ्या, परत वाचून दाखवा. एक नाव चुकलं, तर भलत्याच घरी रडारड व्हायची!

ही शिस्त रोजच्या गप्पांतच अंगी बाणवा. संकट आल्यावर शिकायला सवड नसते. बरंय तर, ७३! म्हणजे हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा.