चाकाला किती मोकळीक द्यावी

तालमीत जोर काढताना तळवे आणि चवडे जागचे हलत नाहीत. त्यांच्यामधून सारं अंग कमान घेत पुढे झेपावतं आणि मागे येतं. व्यायामाच्या चाकावर याच्या नेमकं उलट घडतं. तिथे हात पुढे सरकतात आणि पोट, पाठ, खुबे यांनी एका रेषेत टिकून राहायचं असतं. जोरात माती तळहाताला धरून ठेवते; चाकावर ते धरून ठेवण्याचं काम पोटाच्या स्नायूंकडे येतं. असं साहित्य घडवताना मी सगळा विचार या फरकापासून सुरू करतो.

आमच्या कासारसाईत एकीकडे धरण, एकीकडे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आणि जवळच हिंजवडीच्या काचेच्या इमारती. चाक मागायला येणारी माणसंही तशीच नाना तऱ्हेची. मातीत वाढलेले पैलवान येतात. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावणारी, गोळाफेकीचा सराव करणारी पोरं येतात. दिवसभर खुर्चीत बसून कंबर आखडलेले संगणक अभियंतेही येतात. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: “हे डगमगणार नाही ना?”

या प्रश्नाचं उत्तर दिशेप्रमाणे बदलतं. पुढे-मागे चाक मोकळंच पळायला हवं, कारण त्याला आवरणं हाच व्यायाम आहे. हात जितके पुढे जातात, तितका कंबर खाली ओढणारा जोर वाढतो आणि पोटाला तितकं घट्ट व्हावं लागतं. आडव्या दिशेचा डगमगाट मात्र पोटाला फारसं काही शिकवत नाही. तो मनगटं खातो.

हा डगमगाट मोजता येतो. बाजारात सर्रास मिळतं ते एकच अरुंद चाक घ्या. त्याची रुंदी ४ सेंटिमीटर, मुठींमधलं अंतर ४० सेंटिमीटर आणि दोन्ही हातांवर मिळून भार ४० किलो धरा. मूठ मध्यापासून २० सेंटिमीटरवर आणि चाकाची कड अवघ्या २ सेंटिमीटरवर. त्यामुळे दोन हातांमधला फरक एकूण भाराच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे गेला की चाक कलतं. एका हातावर २२ आणि दुसऱ्यावर १८ किलो, एवढीच त्याची सहनशक्ती. तेच दोन चाकं लावून त्यांच्या बाहेरच्या कडांमध्ये २० सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर ३० आणि १० किलोपर्यंत ते उभं राहतं. चाकं मुठींच्याही बाहेर नेली तर नुसत्या भाराने ते कलतच नाही. पण आस लांबतो, आणि तो वाकू नये म्हणून जाड व जड करावा लागतो.

दोन चाकं आली की पुढचा निर्णय येतो. दोन्ही चाकं आसाला पक्की जोडली तर ती एकत्रच फिरतात आणि वाट सरळ राहते. प्रत्येक चाक वेगळं फिरू दिलं तर एका हाताचा रेटा वाढताच वाट वळते. ते वळण आवरायला बरगड्यांखालचे तिरके स्नायू लागतात. पैलवानाला ते वळण उपयोगी पडतं. नवशिक्याला मी जोडलेलीच चाकं देतो. सुटं फिरणारं चाक एकाच बेअरिंगवर बसवलं तर त्यावरच लटपटतं. म्हणून दोन बेअरिंग, तीही एकमेकांपासून अंतर राखून लागतात. चाकाचा व्यास फार लहान ठेवला तर ते शहाबादी फरशीच्या सांध्यांत अडखळतं. रबर कडक असेल तर गुळगुळीत टाइल्सवर घसरतं. फार मऊ असेल तर एका जागी ठेवून ठेवून चपटं होतं.

जोरांसाठी वेगळी मांडणी लागते. साध्या पुशअपमध्ये हात ताठ असताना शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग तळहातांवर येतो. तालमीची माती दबते, मनगटाला जागा देते. सिमेंटवर मनगट काटकोनात मुडपतं, म्हणून मूठ हवी. या मुठीखाली चाकं द्यायची, तर प्रत्येक हाताला स्वतंत्र चौकट येते आणि तिथे मूठ कुठे बसवायची यावर सगळं ठरतं. गळिताच्या हंगामात कारखान्याकडे जाणारी बैलगाडी पाहा. ऊस आसाच्या मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते. एकाच आसावरच्या चौकटीत मूठ आसाच्या वर बसवली तर ती तशीच पालथी व्हायला बघते. आसाच्या खाली टांगली तर भारच तिला सरळ ठेवतो. शिवाय चाकं अडवणारी खीळ हवीच. हात स्थिर ठेवून पुरेसे जोर निघेपर्यंत ती काढू नये, असं मी प्रत्येकाला बजावतो.

काही चाकांच्या पोटात पोलादी पट्टीची गुंडाळी असते. पुढे जाताना ती आवळते, परतताना हात देते. अशक्त कंबरेला हा आधार चांगला. भिंतीसमोर गुडघे टेकून बसणं त्याहून सोपं: चाक भिंतीला टेकतं आणि पुढे जाण्याची हद्द आपोआप ठरते. दिवसागणिक गुडघे इंच-इंच मागे घ्यावेत.

नवं चाक कुणाच्याही हाती दिलं की मी त्याची कंबर आणि मनगटं पाहतो. आधी मनगट थरथरलं तर दोष माझ्या कामात आहे आणि ते चाक परत कामाच्या टेबलावर येतं. आधी पोट थकून कंबर खोलगट होऊ लागली तर साहित्य बरोबर आहे. मग माणसाने तिथेच थांबावं, कारण त्यापुढचा भार स्नायूंवरून मणक्यांवर जातो. चाकाने फक्त तेवढंच अवघड राहावं जेवढ्याने अंग घडतं. बाकीची सगळी अडचण काढून टाकणं हे बनवणाऱ्याचं काम आहे आणि ते त्याने वापरणाऱ्यावर ढकलू नये.