एका फडताळाचे दोन कप्पे

मैत्रिणींनो, नवं फडताळ घरात आलं की आपण ते पुसून घेतो, कागद अंथरतो आणि मगच कुठं काय ठेवायचं ते ठरवतो, हो ना? नवा लॅपटॉप आला तेव्हा मीही तेच करायला बसले. चिरंजीव बंगळूरला. ह्यांना त्यातलं कळत नाही, आणि तसं कबूलही करवत नाही! म्हटलं, आपणच पदर खोचावा.

पहिली शंका मापाची. खोक्यावर ५१२ जीबी, पडद्यावर मात्र ४७६! दुकानदारानं मापात मारलं की काय? फोनवर चिरंजीव हसायला लागले. कंपनी हजाराच्या पटीनं मोजते, विंडोज १०२४च्या, माल तेवढाच.

मग 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'सी'ची जागा कमी केली आणि उरलेल्या जागेत 'डी' केला. दोन्ही कप्पे सारखेच. सीमध्ये विंडोज, डीमध्ये आपलं सामान : फोटो, हिशेब आणि सासूबाईंच्या ओव्या. शेवटच्या दिवाळीत मी त्यांना स्वयंपाकघरात बसवून जात्यावरच्या अकरा ओव्या रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. मध्येच कुकरची शिट्टीसुद्धा आहे! सगळं नीट हललं, तेव्हा जुना लॅपटॉप पुसून एका शिकणाऱ्या मुलीला देऊन टाकला.

नव्यात कंपनीनं नको ते प्रोग्रॅम भरलेले. सारखं 'विकत घ्या, विकत घ्या'. वैतागून ठरवलं, सी कोरा करून विंडोज नव्यानं बसवू. डी तर सुरक्षित आहे! पेन ड्राइव्हवरून काम सुरू केलं आणि इथंच घात झाला. त्या पडद्यावर सी-डी अशी अक्षरं दिसत नाहीत; नुसत्या 'पार्टिशन'च्या आकडे घातलेल्या ओळी. त्यात दोन ओळी एकाच मापाच्या. घाईनं मी डीच पुसला, आणि विंडोज त्यावरच बसवलं.

दुरुस्तीवाल्यानं समजावून सांगितलं. जुन्या फिरत्या चकतीवर साधं फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं. पानं बरीचशी सापडतात. नव्या एसएसडीत पुसलेली जागा यंत्र आपणहून साफ करून टाकतं. आशा धरू नका, म्हणाला.

हे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री वन्संना फोन केला. वर्षश्राद्धाला मी त्यांना सात ओव्या पेन ड्राइव्हवर दिल्या होत्या, 'बाकीच्या मागाहून देते' म्हणून. ते मागाहून राहूनच गेलं. सात परत मिळाल्या, चार गेल्या.

म्हणून सांगते, एका फडताळाचे दोन कप्पे म्हणजे दोन फडताळं नव्हेत. फॉरमॅट करण्याआधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती उघडून पाहा. दुसरी प्रत बहिणीच्या नाहीतर नणंदेच्या घरी ठेवा. कप्पे वेगवेगळ्या मापाचे करा आणि मापं कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपला 'बिटलॉकर'चं कुलूप असेल, तर त्याची ४८ आकडी किल्लीही वहीत उतरवा. ऐन वेळी तीच मागतात. विंडोजच्या पैशांची मात्र काळजी नको. बरोबर आलेलं असेल तर त्याचा परवाना बहुधा यंत्रातच नोंदलेला असतो. तीच आवृत्ती बसवली की पुन्हा विकत घ्यावं लागत नाही.

गेल्या रविवारी वन्सं आल्या होत्या. गेलेल्या चारांपैकी दोन त्यांना येतात. मी त्यांना तिथंच, ओट्याशेजारी बसवलं आणि म्हणायला लावलं. कुकर लावलेला होता, तो मी मुद्दामच बंद केला नाही. आणि ह्या वेळी त्या घरी निघण्याआधीच दोन प्रती करून एक त्यांच्या पर्समध्ये घातली!