दाराशी बांधलेला जीव

आमच्या भागात असे घर विरळाच, की ज्याच्या अंगणात एखादे कुत्रे नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील गावे रानालगतची. रात्री रानडुकरे शेतात उतरतात, कधी बिबट्याही परसाजवळून जातो. तेव्हा कुत्रे पाळावयाचे ते राखणीसाठी, हौसेसाठी नव्हे, असा आमच्याकडे समज आहे व तो खोटा नाही. परंतु राखण करणाऱ्या या जिवास आपल्याच घरी दिवसभर कशाकशाचा जाच होत असेल, याचा विचार सहसा होत नाही. रात्रभर भुंकले की ते द्वाड. पाय चाटून चाटून केस घालविले की घाणेरडे. कुणावर धावले की माजलेले. एका शब्दात निकाल लागतो आणि काठी हाती येते.

आमच्याच आळीतील एका घरची हकिकत सांगतो. त्यांचा वाघ्या रस्त्याकडील फाटकाशी बांधलेला असे. साखळी दीड हात. ऊन अंगावर आले तरी त्यास सावलीपर्यंत पोचता येत नसे आणि पाण्याचे भांडे बहुधा उलथलेले असे. सकाळ-सायंकाळ शाळेची मुले त्या वाटेने जात व फाटकाच्या गजांवरून काठी खडखडवीत नेत. वाघ्या तोंडास फेस येईतो भुंके. मुले हसत पुढे जात. दोन वर्षे हे असेच चालले. मग एके दुपारी घरातलाच पाच वर्षांचा नातू, वाघ्या जेवीत असता, त्याच्या गळ्यास मिठी मारावयास गेला, आणि वाघ्याने त्याच्या दंडात दात रुतविले.

मुलाची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली, लगेच सरकारी दवाखाना गाठला आणि पुढे लशीची सर्व इंजेक्शने वेळच्या वेळी पुरी केली, हे त्या घरच्यांचे शहाणपण. घरचेच तर कुत्रे, असे म्हणून जखमेवर हळद दाबून स्वस्थ बसणारे आमच्याकडे अजूनही आहेत. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे माणूस वाचणे जवळजवळ अशक्यच.

सायंकाळी आळीचा निवाडा झाला: वाघ्यास पोत्यात घालून घाटाखाली सोडून यावे. त्या घरच्या वृद्ध मावशी आमच्या ओटीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, “इतकी वर्षं इमानानं राहिला हो. आजच एकाएकी त्याला काय झालं?”

एकाएकी काहीच झाले नव्हते. वाघ्या दोन वर्षे सांगत होता. त्याची भाषा कुणास अवगत नव्हती, इतकेच. झोप आलेली नसता कुत्रे जांभया देऊ लागले, समोर अन्न नसता जिभेने ओठ चाटू लागले, आपण जवळ जाताच तोंड फिरवून डोळ्याच्या कडेने पाहू लागले व त्या डोळ्यातील पांढरा भाग दिसू लागला, शेपूट पोटाशी गेले, उकाडा नसता धापा टाकू लागले, तर ते अस्वस्थ आहे असे जाणावे. नॉर्वेच्या तुरिद रुगास या बाईंनी कुत्र्यांच्या अशा खुणांवर एक पुस्तकच लिहिले आहे. या सर्व खुणा वाया गेल्या म्हणजे कुत्रे गुरगुरते. गुरगुरणे हा उद्धटपणा नव्हे, ती सूचना होय. गुरगुरल्याबद्दल ज्यास वारंवार मार बसतो, ते कुत्रे गुरगुरण्याचे सोडते आणि पुढे न गुरगुरता चावते. काठीने मिळविलेली ही शांतता घरातील लहान मुलांना फार महाग पडते. मिठीचेही तसेच. आपणांस ती माया वाटते. कुत्र्यास, विशेषतः ते जेवीत असता, मान आवळली गेल्यासारखे वाटते.

मावशींच्या शब्दाखातर वाघ्यास सोडून देण्याचे चार दिवस लांबले, आणि त्या अवधीत काही गोष्टी पालटल्या. त्याची जागा फाटकापासून हलवून परसातील फणसाखाली केली. साखळीऐवजी लांब दोर आला. रात्री तोही सोडण्यात येई. जेवण एका कोपऱ्यात ठेवून मुलांना तिकडे फिरकण्याची बंदी झाली. घरचा थोरला मुलगा त्यास रोज सायंकाळी ओढ्यापर्यंत फिरवून आणू लागला. (आखूड साखळीने कुत्र्यास अवाजवी काळ बांधून ठेवणे, किंवा सदा बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे, हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. आळीत हे कुणासच ठाऊक नव्हते.) वाघ्या अगदी निवळला असे आम्ही म्हणणार नाही. गजांवर काठी वाजली की तो आजही उठून उभा राहतो. परंतु त्याने पुन्हा कुणास दात लावलेला नाही, आणि तो त्याच घरी आहे.

कित्येक जण म्हणतात, “अहो, त्याला आपली चूक कळते. चप्पल कुरतडली की कसा मान खाली घालून बसतो पाहा!” या समजुतीची परीक्षा न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींनी केली. 2009 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, तो अपराधी चेहरा कुत्र्याने काही केले होते की नाही यावर अवलंबून नसून धनी रागावला की नाही यावर अवलंबून होता. खाली गेलेली मान पश्चात्तापाची नव्हे. आपल्या चढलेल्या स्वराची ती भीती. तासाभरापूर्वीच्या चपलेसाठी आता मारलेला रट्टा म्हणजे त्याच्या दृष्टीने आकाशातून पडलेला धोंडा होय.

आवाजाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण आमच्या गावी त्याची वाण नाही. वैशाखातला वळीव, गणपती, दिवाळी, आणि आमच्या फेस्ताची आतषबाजी. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्यास 40,000 च्याही वरचा. आपणांस जेथे केवळ शांतता वाटते तेथेही त्यास काही ऐकू येत असते. मग फटाक्यांच्या माळेने त्या कानांचे काय होत असेल! एकदा बसलेली धास्ती किती खोल जाते, याचे उदाहरण रशियातले आहे. 1924 च्या सप्टेंबरात लेनिनग्राड शहरी महापूर आला आणि शास्त्रज्ञ पावलोव यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत अडकली. त्यांना पाण्यातून पोहवीत बाहेर काढावे लागले. ती वाचली, परंतु त्यांतील काही शिकलेले सारे विसरली. एक तर पुष्कळ दिवसांनी सावरले, तोच कुणी खोलीच्या दाराखालून पाण्याचा ओहोळ आत सोडला, आणि ते पुन्हा पूर्ववत बिथरले. पूर कधीच ओसरला होता. कुत्र्याच्या मनातला ओसरला नव्हता.

म्हणून फेस्ताच्या सायंकाळी आम्ही आमच्या मोतीस बांधीत नाही. बांधलेले कुत्रे भयाने हिसडे देऊन स्वतःस जखमी करून घेते, आणि मोकळे सोडलेले रानात पळून जाते. आतल्या खोलीत, खाटेखाली जुने गोणपाट टाकून, खिडक्या लावून त्यास तेथे बसू द्यावे. पाणी जवळ ठेवावे. एकाने शक्य तर घरी राहावे. जवळ बसून पाठीवर हात फिरविल्याने भीती वाढते ही समजूत निराधार आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाचे फटाके उडवू नयेत असा सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली निर्णय दिला. तो आमच्या गावी पोचला असेल, तर फार हळू पावलांनी.

जाच केवळ आवाजाचा नसतो. आमचा थोरला चिरंजीव नोकरीनिमित्त वास्कोस गेला, तेव्हा मोती आठवडाभर एसटी थांब्याच्या वळणावर जाऊन बसे आणि भाकरीस तोंड लावीत नसे. त्यास समजावून सांगण्याचा मार्ग नव्हता. जेवणाची वेळ तीच ठेवली, सायंकाळची फेरी धाकटीने चालू ठेवली. हळूहळू तो खाऊ लागला. घरात तान्हे मूल आले, पाहुणे महिनाभर राहिले, घर पालटले, अशा प्रत्येक प्रसंगी कुत्र्याचा दिनक्रमच आपण मोडतो, आणि पुष्कळदा तेवढेच त्याच्या हाती असते.

एक गोष्ट अवश्य सांगावयाची. शांत कुत्रे विनाकारण चिडके झाले, तर प्रथम त्याचे कान, दात व सांधे पाहावेत, अंगावरच्या गोचिडी पाहाव्यात, आणि पशुवैद्यास दाखवावे. दुखणे असेल तर कुठल्याही शिस्तीने ते जात नाही.

मोतीचे आता वय झाले आहे. फटाक्यांचे त्यास पूर्वीसारखे भय राहिले नाही, कारण ऐकूच कमी येते. मात्र झोपेत कुणी मागून हात लावला की तो दचकून दात विचकतो. म्हणून आमच्या घरी सर्वांना, बालवाडीत जाणाऱ्या नातीससुद्धा, एक सवय लागली आहे: त्याच्याजवळ जाण्यापूर्वी जमिनीवर दोनदा पाय आपटावयाचा. तो हादरा त्यास कळतो. तो मान वर करून पाहतो, कोण आले ते ओळखतो, आणि पुन्हा निजतो.